आंबिलीचं मडकं

१ डिसेंबर
वहीबाई, दिवाळीपासून तुझी भेट नाही, राग मानू नकोस. नातीच्या काळजीनं लिहायला सुचेना.

अर्पिता नऊ वर्षांची. बटणं खालीवर, चपला उलट्या, ताट उचललं की सांडलं. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, आळस नाही. हातापायांचा मेळ बसत नाही, आणि आधी काय, मग काय, हे ठरवणंही तिला जड जातं. तिलाच बोलून ठरवू द्या. आजोबांनी मध्ये बोलू नये.

डॉक्टर तरुण आहेत. मी सातवी नापास, पण बैल शिकवलेत.

सून वैष्णवी म्हणते, येळवशीपर्यंत फरक न्हाय पडला तर पोरीला घेऊन पुण्याला जाते, अनिरुद्धकडं. माझा लेक तिथं नोकरीला. मग बेंबळीत मी आणि टीव्ही.

प्लॅन ठरला. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात पूजा करून पिकावर आंबील शिंपतात; त्या आंबिलीचं मडकं अर्पिताच डोक्यावर शेतात नेणार. भावकी बघेल. पुणे कॅन्सल.

८ डिसेंबर, सकाळ
प्रॅक्टिस सुरू. पाण्याची कळशी. ती उभी राहून विचार करते. म्हणालो, विचार नको, चाल. सांडलं.

१५ डिसेंबर
सांडलं. मी फक्त पाय, मान, कोपर, नजर एवढंच सांगत होतो. शेजारच्या कडूबाई म्हणाल्या, इतकं सांगितल्यावर म्याबी पडंन. त्यांना ट्रेनिंग कळत नाही.

२२ डिसेंबर
अर्पिता म्हणते, झाकणाची किटली नेते. बांध आला की किटली आधी पलीकडं ठेवते, मग उतरते. म्हणालो, रीत मडक्याची. रडली. तरी प्रगती आहे, आता लगेच रडते.

३० डिसेंबर, येळवस
शेवटचं दाखवावं म्हणून मडकं मीच डोक्यावर घेतलं. मागं वळून तिला सूचना देत होतो. बांध पुढं होता.

आंबील सगळी धोतरावर. पुतण्या कृष्णराज म्हणाला, काका, पिकाच्या आधी तुम्हीच शिंपून घेतलंत.

तेवढ्यात अर्पितानं पूजेच्या कडब्याच्या कोपीत किटली ठेवली. "आजोबा, मध्ये कुणी बोललं की मी पडते. तुमी तर सोताच बोलत व्हता. म्हणून अर्धी आधीच काढून घेतली."

शिंपायला पुरली. फरक पडला! वैष्णवीला म्हणालो, आता पुणे कशाला? ती म्हणाली, पोरीला ठरवता येतं, मामंजी. ठरवू देणारं माणूस पायजे.

२ जानेवारी
सकाळच्या एसटीनं गेल्या.

चहा केला. साखर राहिली.

रात्र झाली, फोन नाही. मी करणार नाही. मध्ये बोललं की ती पडते.

पोरी, पोचलीस का तेवढं कळव. लवकर कळव.