दाढी होईपर्यंत

बाबा,

दवाखान्यातून ड्युटीसाठी फोन आला, मी पळतेय. सणाच्या केकचं मिश्रण भांड्यात ओतलंय, ओव्हन तापलाय, तुम्ही फक्त आत सरकवा. किती वेळ ठेवायचा म्हणून आईची वही उघडली, तर मिनिटं कुठेच नाहीत! लिहिलंय, "ह्यांची दाढी होईपर्यंत." हसून हसून पुरेवाट झाली माझी.

आई गेल्यापासून तुम्ही दाढीला हात लावलेला नाही, पण आता इलाज नाही. नवं ब्लेड आरशापाशी ठेवलंय. संध्याकाळी दादाची पोरं येतील, त्यांना ओळखीचे आजोबा दिसू देत.

आणि हो, उरकायचं म्हणून उरकू नका. समासात आईनं बजावलंय, "हनुवटीखाली घाई केली, की केक मधे कच्चा राहतो."

तुमची धाकटी