एर्मेकने न बदललेला बेल्ट

९ ऑक्टोबर, सोमवार
एर्मेक आजही आला नाही. सख्ख्या बहिणीचा मुलगा, नारीनमध्ये स्वतःचं गॅरेज, आणि मामाची गाडी पंधरा दिवस अंगणात उभी! टायमिंग बेल्टला भेगा पडल्यात हे त्यानंच दाखवलं होतं. "मामा, घाटात तुटला तर इंजिन गेलं समजा." मग बदल ना बाबा. तर म्हणे, उद्या येतो.

चोवीस तारखेला बायकोला, बाक्तीगुलला, बिश्केकच्या दवाखान्यात न्यायचंय. केमोचं चौथं सलाइन. शेअर टॅक्सीत ती बसू शकत नाही, येताना दर अर्ध्या तासाला उलटी. मागच्या वेळी लोक तोंडं फिरवून बसले होते. आपली गाडी हवीच.

११ ऑक्टोबर
फोन केला. "मामा, बेल्टच आला नाही अजून." धडधडीत खोटं! बाजारातून आणून मीच त्याच्या टेबलावर ठेवला होता. गेलो आणि उचलून आणला. त्यानं मान वर केली नाही. दुसऱ्या गॅरेजात न्यावी तर गाव विचारणार, घरात मेकॅनिक असून परक्याच्या दारात का?

१४ ऑक्टोबर, शनिवार
मीच करणार. एकतीस वर्षं ट्रॅक्टर चालवलाय, अगदीच अडाणी नाही.

चाक काढलं, बाजूचं झाकण काढलं. खालच्या पुलीचा बोल्ट हलेना. पान्याला लोखंडी पाइप लावून लोंबकळलो तेव्हा सुटला. कोपर सोलवटलं. जुना बेल्ट काढण्याआधी पुल्यांवर खुणा करायच्या होत्या, म्हणून बाक्तीगुलकडे नेलपॉलिश मागितलं. द्यायला तिनं फार वेळ लावला. मग खिडकीशी बसून बघत राहिली. "अहो, राहू द्या ना. थंडी आहे." या अवस्थेत माझी काळजी! आणि तो दगड गॅरेजात चहा पीत असेल.

१५ ऑक्टोबर
धाकट्या भावाकडे जेवण. एर्मेकही होता. भाच्यानं मागावं आणि मामानं नाही म्हणू नये, अशी आमची रीत. यंदाचं शिंगरू मी त्याला कबूल केलं होतं. भरल्या ताटांसमोर सांगून टाकलं – शिंगरू मिळणार नाही. माझ्या घरातला तुझा हक्क संपला. अभद्र काही ऐकलं की धरतात तशा म्हाताऱ्यांनी आपापल्या कॉलरी मुठीत धरल्या.

एर्मेक एवढंच म्हणाला, "बरं, मामा." आणि जेवण टाकून उठला. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

घरी येऊन बाक्तीगुलला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

१७ ऑक्टोबर
नवा बेल्ट चढवला. पान्यानं इंजिन दोन फेरे फिरवून पाहिलं तर खुणा जुळेनात. एक दात पुढे गेलाय. तसंच चालू केलं असतं तर वाट लागली असती. सगळं पुन्हा उघडलं. बोटं बधिर. एकेका बोल्टला एर्मेकच्या नावानं शिवी.

१८ ऑक्टोबर
अजून तो एक दात.

१९ ऑक्टोबर
जुळल्या! दोन फेरे, चार फेरे – खुणा जागच्या जागी. चावी फिरवली आणि लागलं की इंजिन. वय वर्षं बासष्ट, आणि एकट्यानं केलं. शेजारचा झापार कुंपणावरून म्हणाला, "भाच्यानं दुरुस्त केली वाटतं?" म्हटलं, मला भाचा नाही.

२३ ऑक्टोबर
उद्या निघायचं. बाक्तीगुलला म्हटलं, पिशवी भर.

ती म्हणाली, "एर्मेकला मीच सांगितलं होतं, गाडीला हात लावू नकोस म्हणून. शपथ घातली होती. मला नाही हो जायचं परत तिकडे."

मग म्हणाली, "तुम्हाला स्वतःला जमेल असं वाटलंच नव्हतं."