खोली गप्प

१२ जानेवारी, रविवार

सुनूचा शेवटचा इंटरव्ह्यू परवा झाला. चांगला झाला म्हणते. ओटावाकडची नोकरी, विजेच्या सबस्टेशनांवर फिल्ड इंजिनीअर, परमनंट. ग्रुपवर आत्तापासूनच टाळ्या आणि निळी हृदयं. ग्रुप म्हणजे आमच्या नागपूरच्या हॉस्टेलच्या, कॅनडात येऊन पडलेल्या पोरी. एकीचा रेझ्युमे दुरुस्त करायचा, दुसरीला रेफरल द्यायचं, नवीन आली की कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये घालायची. त्या हिशोबाने सुनू ऑक्टोबरपासून आमच्या बेसमेंटमध्ये. माझ्याच टीममध्ये काँट्रॅक्टवर होती, ते संपलं आणि कोणी पुढे घेतलं नाही.

रेफरन्स म्हणून माझं नाव दिलंय. देणारच. हॉस्टेलची रूममेट आणि तिची साहेबीण, दोन्ही मीच.

१५ जानेवारी

आज घरूनच काम. मीटिंग चालू असताना खालून धप्पकन आवाज. ड्रायरवरून काहीतरी पडलं असेल म्हणून गेले. सुनू वॉशिंग मशीनसमोर आडवी, हातपाय आखडलेले, तोंडाला फेस. कुशीवर वळवली, डोक्याखाली टॉवेल सरकवले. वरती लॅपटॉपमधून लोक माझं नाव घेतायत.

भानावर आली ते पहिलं वाक्य, "मिलिंदभाऊजींना नको सांगू."

ॲम्ब्युलन्स नको, डॉक्टर नको. डॉक्टरला कळलं की त्याला सरकारला कळवावंच लागतं, मग लायसन्स गेलं. लायसन्स नाही तर ही नोकरी नाही, सबस्टेशनांवर स्वतः ट्रक चालवत जायचंय. "झोप झाली नव्हती गं. कितीतरी वर्षांनी फीट आली."

मग नोव्हेंबरात जीभ चावली होती ती? पोळी खाताना, म्हणाली होती. आज परत विचारलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

१६ जानेवारी

कामात लक्ष नाही. सेकंड इयर डोक्यात. सबमिशनची सकाळ, बाथरूमच्या रांगेत सुनू कोसळलेली. कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल. वॉर्डनबाई आल्या, काय गं, काय झालं? आमच्या खोलीतल्या चौघी एका सुरात, "पाय घसरला मॅडम."

नियमच होता तो. वॉर्डनने विचारलं की खोली गप्प. आधीच्या वर्षी रेखाला टीबी निघाला, शेजारच्या खोलीने जाऊन सांगितलं. परीक्षेआधी बाप येऊन घेऊन गेला, उन्हाळ्यात लग्न लावलं. आम्ही त्या पोरींशी वर्षभर बोललो नाही.

सुनू राहिली. इंजिनीअर झाली. आमच्या खोटेपणामुळे झाली, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

म्हणून तर आता काही सुचत नाही.

१९ जानेवारी

ज्योत्स्नाताईंचा फोन, ओटावाशेजारच्या कनाटाहून. हॉस्टेलला आमच्या दोन वर्षं पुढे, आता मोठ्या मॅनेजर, ग्रुप त्यांचाच. "सुनूसाठी तुला कंपनीचा फोन येईल. हातचं राखून बोलू नको हं. दुसऱ्यांच्या पोरींना मामा असतो, काका असतो, शब्द टाकायला. आपल्यासाठी कोण होतं? आपणच."

खरं आहे. माझी इथली पहिली नोकरी ताईंच्या शब्दावर मिळाली. कॅनेडियन एक्स्पीरियन्स नाही म्हणून जिथेतिथे हाकलत होते, तेव्हा ताईंनी फोन केला होता.

सांगावं असं ओठांवर आलं होतं. जयभीम म्हटलं आणि ठेवला.

२१ जानेवारी

आज बोललेच. डॉक्टरकडे चल, गोळ्या सुरू कर, काही महिने गाडी नको, तोवर दुसरं काहीतरी बघू.

"कुठलं दुसरं? माझं वय पाहिलं का? वेअरहाऊसमध्ये खोकी उचलू? तिथे फीट नाही येणार?"

"आणि रस्त्यात आली तर?"

"नाही येणार."

"आली तर, सुनू?"

"तू काहून वॉर्डन होऊन राहिली?"

ताट तसंच ठेवून खाली गेली. मीही जेवले नाही. मिलिंद विचारतोय, कशावरून बिनसलं. भाजीतल्या मिठावरून, म्हटलं. नवऱ्याशी खोटं बोलायला या वयात इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं.

२३ जानेवारी

आला फोन. मी स्वयंपाकघरात. या घरात हीटिंगच्या जाळीतून सगळं खाली ऐकू जातं, इथली फोडणी तडतडली तरी. तरी तिथेच उभी राहून बोलले. मुद्दाम की काय, माहीत नाही.

बाई गोड बोलणारी. वेळेवर येते का, काम कसं, माणसांशी कशी वागते. सगळं मनापासून सांगितलं आणि सगळं खरं. सुनूइतकं चोख काम माझ्या टीममध्ये कोणाचंच नव्हतं. मग म्हणाली, हिला एकटीने खूप ड्राइव्ह करावं लागेल, आडबाजूला, बर्फात. एनी कन्सर्न्स?

नो. नन ॲट ऑल.

जराही अडखळले नाही. फक्त या वेळी चौघींचा सूर नव्हता, माझा एकटीचा होता.

थोड्या वेळाने सुनू वर आली, चहा केला. माझ्या कपात साखर घातली नाही, बरोबर लक्षात ठेवून. थँक्यू म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी कप आपटला असता.

२७ जानेवारी

ऑफर आली. ग्रुप वेडा झालाय. ताई म्हणतात, पुढच्या महिन्यात बुद्धवंदना आणि जेवण, सगळ्यांनी यायचं. मीही हसरे चेहरे टाकले, चांगले ढीगभर.

सुनूने आईला व्हिडिओ कॉल केला. म्हातारी रडत होती, "माही पोरगी साहेब झाली" म्हणत होती. मी जिन्यात उभी राहून रडले. सुनूचा राग येतोय, माझा त्याहून जास्त, आणि आनंदही झालाय. हे तिन्ही एका वेळी कसं होतं कळत नाही.

३० जानेवारी

ताईंचा परत फोन. आवाजात नुसते लाडू फुटत होते. प्रणालीचंही जमवलं म्हणे, त्याच कंपनीत ट्रेनी. ही आमच्या हॉस्टेलची सगळ्यात नवीन. वर्षभर तिकडे सरे गावात दुकानाच्या काउंटरवर उभी आहे, डिग्री कपाटात. आता सुनूच्या हाताखाली शिकणार.

"दोघी एकाच ट्रकमध्ये. पोरीला अजून ड्रायव्हिंग येत नाही, सुनूच चालवेल. आपलीच पोरगी, आपल्या पोरीला सांभाळेल. आहे की नाही?"

आहे, म्हटलं. फोन ठेवला.

खाली गेले. "तिला तरी सांग."

"ती ताईंना सांगेल."

"मग सांगू दे!"

"गोळी सुरू केली मी." पाकीट दाखवलं. आईने कधीतरी नागपूरहून पाठवलेलं, तारीख उलटून गेलेलं. मी ते हातात घेऊन उभी. ती म्हणाली, "तुझ्या पाया पडते." आणि खरंच वाकली. रूममेट माझी. मी मागे सरकले, मशीनला आदळले.

१ फेब्रुवारी

ताईंना फोन लावला, दोनदा. दोन्ही वेळा जेवणाचा मेनू ठरवला आणि फोन ठेवला.

२ फेब्रुवारी, रविवार

सुनू उद्या सकाळी निघणार. सकाळपासून बर्फ. मिलिंद तिच्या गाडीभोवतीचा बर्फ शोव्हलने काढतोय, विंटर टायर्समधली हवाही त्यानेच बघितली. बिचाऱ्याला वाटतंय, बर्फाचीच काय ती भीती.

मी दशम्या करत होते, तिच्या डब्यासाठी. फोन वाजला. हात पिठाचे, म्हणून स्पीकरवर घेतला. प्रणाली.

"जयभीम ताई! मी ओटावाला पोचले. मंगळवारपासून सुनंदाताईंसोबत जाऊन राहिली ना मी. तुम्ही त्यांच्या रूममेट होत्या म्हणे. काही सांगून ठेवा ना त्यांच्याबद्दल, म्हणजे मला सांभाळून राहता येईल."

खाली सुनू बॅग भरत होती, चेन ओढल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"ताई? आवाज येते ना माझा?"

येतो, म्हटलं. तवा तापलाय, पाच मिनिटांत फोन करते.

"हो हो, करा आरामात. मी आहे इथेच, वाट बघते."

ती दशमी करपली, फेकून दिली. गॅस बंद केला. पीठ तसंच परातीत आहे, आणि मी टेबलाशी बसून हे लिहितेय. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली. खालून अजून काहीच आवाज नाही.