तिसऱ्या आकड्याचा चहा

निपाणी, रविवार संध्याकाळ, १९८८

लेक सुमन बेळगावच्या कॉलेजातून आली. तिथल्या कॉम्प्युटरला तिनं ‘स्विच’ लिहून दिलाय: एक दाबलं की माझ्या बिनसाखरेच्या चहाची ओळ उमटते, दोनला तिच्या, तीनला ह्यांच्या कडक चहाची. हे गेले, तरी ओळ ठेवलीय पोरीनं. पण दोन दाबलं की ह्यांचाही चहा उमटतो. तिच्या ओळीनंतर ‘ब्रेक’, म्हणजे इथं थांब, लिहायचं राहिलं. उद्या सरांना दाखवायच्या आधी घालणार म्हणे.

मग ह्यांचं काय, पुसणार? चहा ओतता ओतता विचारलंच.

“न्हाय गं आई. तीन दाबलं की आप्पांचा येतोयच.”

बरं वाटलं. बघते तर मी कप तीन भरलेले.

“तू बी ब्रेक विसरलीस की,” म्हणत तिनं तिसराही संपवला. कडकच झाला होता.