जरा गडबड हाय

अण्णा, दुपारी माझ्या नातीचा फोन आला. ती माझ्याकडेच राहते, महाळुंग्याच्या कंपनीत कामाला जाते. चाकणच्या रस्त्यावर दगडफेक चाललीय, कंपनीची बस गेटाबाहेर निघत नाही. "घाबरू नको गं, जरा गडबड असेल," मी म्हणाले. फोन ठेवला आणि ध्यानात आलं. ते बोलणं तुमचं होतं.

तुमचा तो एकच शब्द सगळीकडे चालायचा. पोट बिघडलं की गडबड, गाडीची वेळ झाली की गडबड, आणि पुण्यात दुकानं जळाली तरी गडबडच. मी सात-आठ वर्षांची असेन. पिंपरीच्या आपल्या खोलीपुढे तुम्ही सायकलला हवा भरत होतात, खडकीच्या वर्कशॉपला निघायला. मी विचारलं, "अण्णा, पुण्यात दंगल झालीय?" तुम्ही पंप खाली टाकलात. "रातीला सापाचं नाव घेतो का आपण? लांबडं म्हणतो ना? मग हे बी नाव घ्यायचं न्हाई." आणि निघून गेलात.

संध्याकाळी आळीतल्या सगळ्यांच्या सायकली परतल्या, तुमची येईना. आई चुलीपुढे बसलेली, भाकरी करपली तरी तिला भान नाही. मी दाराच्या फटीला डोळा लावून उभी. मी नाव घेतलं म्हणून ते आलं, आता अण्णांना नेणार, एवढंच डोक्यात घुमतंय.

दिवेलागणीला तुम्ही आलात. पायी, सदरा फाटलेला, सोबत वर्कशॉपातले मुसलमान फिटरचाचा. त्यांची घरची वाट शहरातून जायची, म्हणून तुम्ही त्यांना इकडे आणलंत. "आज हितंच ऱ्हातील," आईला म्हणालात, "जरा गडबड हाय." चाचांच्या हातात कप ठरत नव्हता. तुम्ही त्यांचा चहा बशीत ओतायला घेतलात आणि निम्मा जमिनीवर सांडलात. तोवर मला वाटायचं, तुम्हाला कशाचीच भीती वाटत नाही.

तुम्ही तर कधीच गेलात, हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकू? उशीखाली ठेवते. नात अजून पोहोचलेली नाही, तिच्यासाठी दार उघडं हवं. पण खरं सांगते अण्णा, वर तुम्ही घेऊ नको म्हणालेलं ते नाव लिहिण्याआधी मी उठून कडी लावून आले.