हाजसाहेबांच्या येरझाऱ्या

४ मे

आज पुन्हा तेच. अंगणात ऊन उतरलं आणि हाजसाहेब भिंतीच्या कडेने चालायला लागले. कोपऱ्यापासून फाटकापर्यंत, फाटकापासून कोपऱ्यापर्यंत. हे कासव माझे यजमान बशीर जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, बागेतून घेऊन आले तेव्हा इवलंसं होतं. पण तोरा असा, हज करून आलेल्या बुजुर्गासारखा, की दोन पावलं टाकून थांबायचं, मान वर करून सगळ्यांकडे बघायचं. म्हणून बशीरनीच नाव ठेवलं – हाजसाहेब. आता बशीर नाहीत, आणि त्यांचं हे कासव मात्र वेड्यासारखं फिरतंय.

कलिंगडाची फोड ठेवली. हुंगूनसुद्धा बघितली नाही!

६ मे

शेजारची मबरूका झगा शिवायला टाकायला आली. हाजसाहेब फाटकाखाली डोकं खुपसून ढकलत होते, ते बघत उभी राहिली. म्हणाली, "याला बाहेर पडायचंय, सलवा. ज्याला जायचं असतं त्याला घरचं अन्न गोड लागत नाही."

 तिचा मुलगा नबील चोरून बोटीतून इटलीला म्हणून निघाला, तो पोचल्याचा फोन अजून नाही. तिला चहा दिला.

ती गेल्यावर फाटकाखाली विटा लावल्या.

९ मे

पोरगा वजदीही जेवत नाही. आज कुसकुस केलं होतं, मासा घालून. दोन घास खाल्ले आणि उठला. गॅरेजमधून येतो, गच्चीवर जातो, खाली येतो, बूट घालतो, बंदरावर जातो. कुठे निघालास विचारलं तर म्हणे हवा खायला. आमच्या गच्चीवर काय हवा नाही?

आमच्या या झार्झिस गावातल्या कुठल्याही आईला विचारा, मुलगा रोज संध्याकाळी बंदरावर का जातो ते. मुलगा सव्वीस वर्षांचा, समुद्र शांत, आणि मे महिना.

रीम म्हणाली, जाऊ दे गं उम्मी, सारखं त्याच्या मागे लागू नकोस. रीमचं बरं आहे. रसायनशास्त्राची पदवी घेऊन घरी बसलीय, नोकरीचा पत्ता नाही, पण तक्रार नाही. माझ्याबरोबर झग्यांना हातशिलाई करते, गुणगुणते. एक तरी लेकरू शांत दिलं देवानं.

१० मे

हाजसाहेब विटांवर चढायला गेले आणि उताणे पडले. चारी पाय हवेत. रीमनं सरळ केलं – लगेच पुन्हा विटांकडे!

१३ मे

टोमॅटोच्या टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. वजदीला चल म्हटलं तर काम आहे म्हणाला. रीम आली.

डॉक्टर तरुण बाई. तिनं हाजसाहेबांना उचललं, शेपूट बघितली, पोट बघितलं आणि हसली. "हा नर आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

हाजसाहेब बाई आहेत! इतकी वर्षं! बशीर असते तर लाजून घरी आलेच नसते.

मग तिनं एक्स-रेचा फोटो काढला. पोटात अंडी. नर नसला तरी मादी घालते म्हणे, पिल्लं होत नाहीत एवढंच. मी म्हटलं, पळून जायला बघते हो सारखी. डॉक्टर म्हणाली, नाही, ती जागा शोधतेय. ऊन लागेल अशी, मऊ मातीची. तुमच्या अंगणात सगळी फरशी, मग बिचारी काय करणार? एरवी कासव सकाळी आणि ऊन कललं की फिरतं, दुपारी सावलीत पडून राहतं, थंडी झोपून काढतं. ते वेगळं आणि हे वेगळं. "चालतंय एवढंच बघू नका. कशासाठी चालतंय ते बघा."

रीमनं विचारलं, "आणि जागा मिळालीच नाही तर?"

अंडी पोटातच अडकतात, म्हणाली. जिवावर बेततं.

परत येताना रीम हसत होती. हाजबाई, हाजबाई, म्हणत. हसता हसता डोळे पुसले तिनं.

१४ मे

वजदीनं कोपऱ्यातली फरशी फोडली. केवढ्या रागानं कुदळ मारत होता! बागेतून माती आणली, वाळू मिसळली. रीम उभी होती. तिला म्हणाला, "बघ. इथेही जागा करता येते."

रीम तडक आत गेली. भांडलेत वाटतं. विचारलं तर दोघंही म्हणतात, काही नाही.

१६ मे

आज वजदीला धरून बसवलंच. म्हटलं, मबरूकाकडे बघ आणि मग बोल. तो म्हणाला, "उम्मी, मी कुठेही जाणार नाहीये. बाबांची शपथ."

शपथा सगळेच घेतात. नबीलनंही घेतली होती.

शिवणाचं मशीन दारात आणून ठेवलंय. आता बाहेर पडायचं तर माझ्या समोरून.

१७ मे

बसून बसून पाठ धरली. वजदी गॅरेजला गेला, वेळेवर आला, पुन्हा बंदर. मागोमाग गेले. कुणा बोटवाल्याशी हात हलवून हलवून बोलत होता. मला बघितलं नाही त्यानं. मी तशीच मागे फिरले.

१९ मे

घातली!

सकाळी रीम मुलाखतीला मदनीनला गेली. मैत्रिणीकडे राहून उद्या येते म्हणाली. तिची पिशवी जाईना म्हणून मी मशीन सरकवून वाट करून दिली. वारा आहे, शाल घे म्हटलं. हाताचा मुका घेऊन गेली.

ऊन कलल्यावर हाजबाई नव्या मातीत गेल्या. मागचा एक पाय, मग दुसरा, असं करत खड्डा केला. मी श्वास धरून बसलेले. पांढरी अंडी, गोल. प्रत्येक अंडं मागच्या पायानं हळूच सरकवायच्या. मग माती ओढली, वर पोटानं दाबली, आणि अशा निघाल्या जणू काही झालंच नाही. मोठं पान होतं सॅलडचं, सगळं खाल्लं!

रीमला सांगायला फोन केला. बंद.

२० मे

रीम आली नाही. फोन बंद. मैत्रीण म्हणते, माझ्याकडे आलीच नव्हती. वजदी सकाळपासून कुठे आहे माहीत नाही. मशीनवर बसलेय, सुईत दोरा जात नाही.

२१ मे

दुपारी वजदीच्या फोनवर परदेशातला नंबर. कानाला लावून तो म्हणाला,

"पोचलीस ना? मग आता उम्मीला तूच सांग. मी शब्द पाळलाय, तिला काही बोललो नाही."

मग त्यानं मला सांगितलं – इतके दिवस संध्याकाळी बंदरावर जाऊन तो बोटवाल्यांच्या हातापाया पडत होता. माझ्या बहिणीला नेऊ नका म्हणून.

फोन हातात घेतला. पलीकडे रीम रडत होती, इटलीच्या लांपेदूसा बेटावरून. मला एवढंच विचारता आलं, "कपडे कोरडे आहेत का तुझे?"