दोनदा तपासलेला पालक

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (एरवी हे सवयीनं लिहितात; या वेळी मी खरोखर आडवा पडलो आहे असं समज.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा गुडघा, सासूबाईंचा खोकला आणि तुमच्या कुत्र्याचं माझ्याविषयीचं मत, यांपैकी काही सुधारलं असेल तर आईकडे निरोप दे, कारण माझा फोन तू उचलत नाहीस. इकडे सर्व क्षेम आहे असं म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो.

झालं ते तुला भाऊजींनी सांगितलंच असेल; पण ते मोजकं बोलतात आणि मोजक्या बोलण्यात मी फार वाईट दिसतो, म्हणून सविस्तर लिहितो. आमची कंपनी लोकांनी ॲपवर मागवलेली भाजी, दूध, अंडी घरपोच देते आणि हा नासणारा माल पुरवणाऱ्यांना सांभाळणं हे माझं काम. सांभाळणं म्हणजे काय, तर सकाळी टोमॅटोवाल्याची गाडी बंद पडते, दुधाचा टेम्पो रोजचा रस्ता चुकतो, अंडीवाल्याचे आजोबा वारतात (हे आजोबा इतक्यांदा वारले आहेत, की मला त्यांचा लळा लागला आहे) आणि मी सगळ्यांचं सांत्वन करून माल काढून घेतो. अशा लोकांत दिलेल्या वेळेला येणारा एक तरी माणूस असावा, म्हणून मीच भाऊजींच्या मागे लागलो, की शेतात जाळीच्या सावलीत लावलेला तुमचा पालक आम्हाला द्या. ते नको म्हणत होते. तू म्हणालीस, "घरचाच माणूस आहे, देऊन तर बघा." हे वाक्य मला हल्ली जेवताना आठवतं.

आता माझं शहाणपण ऐक. माझ्या जागी आधी जो होता, त्यानं मेव्हण्याची नासकी अंडी पास केली आणि स्वतः कायमचा घरी गेला. (मेव्हणा अजून येतो; ते आजोबा त्याचेच.) दुधानं पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात, मी तर दुसऱ्याचं तोंड पोळलेलं बघूनच फुंकायला लागलो. भर मीटिंगमध्ये, कुणी विचारलेलं नसताना, उभा राहून सांगितलं की माझे भाऊजी पालक देणार आहेत, तेव्हा नातेवाइकांचा माल दोनदा तपासला जावा. टाळ्या पडल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण टाळ्यांत ऐकू आलं नाही.

पहिली तपासणी गाडी आल्याबरोबर व्हायची. तुमचा पालक तीत पहिल्या नंबरानं पास. दुसरी मात्र बाकी सगळ्यांचा माल आत गेल्यावर, आणि तोवर तुमचे क्रेट गेटजवळ फरशीवर, उन्हात. (सावलीत ठेवले तर नातेवाइकाला सवलत दिल्यासारखं होईल, असं मीच ठरवलं होतं.) पहिले काही दिवस आभाळ होतं म्हणून निभावलं. मग ऊन पडलं आणि दुपारी पानांनी माना टाकल्या. शेजारून दुसऱ्या एकाचा कालचा पालक, पाणी मारून तरतरीत केलेला, एकदाच तपासून कोल्ड रूममध्ये चालला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि मी शेरा मारला : सकाळी उत्तम, दुपारी नापास, पुरवठादाराच्या दर्जात झपाट्यानं घसरण. ताई, शपथेवर सांगतो, तेव्हा मला त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "साहेब, माल परत नेऊ का?" लग्न झाल्यापासून ते मला बारक्या म्हणतात. मी "हो" म्हणालो आणि फोनवर काही महत्त्वाचं आल्यासारखं केलं. काही आलं नव्हतं. त्यांनी एकट्यानं क्रेट गाडीत चढवले, त्या गुडघ्यानिशी. मी हात लावला नाही, कारण तोही पक्षपात झाला असता. फार वाईट वाटतं गं. आई सांगत होती, तुम्ही आठवडाभर पालकच खाताय आणि जेवताना कुणी बोलत नाही.

मोठ्यांना नमस्कार, कुत्र्याला जे योग्य वाटेल ते.

तुझाच,
बारक्या

ता. क. : हे पत्र निव्वळ माफी मागायला लिहिलं आहे. दुसरा हेतू नाही.

ता. क. २ : तो पाणी मारणारा गृहस्थ अचानक गायब झालाय आणि गिऱ्हाइकं 'मागे आला होता तो पालक' मागतायत. सोमवारी पालक आला नाही, तर मीही आधीच्या माणसासारखा घरी. भाऊजींना विचारशील का? दुसरी तपासणी होणार नाही, याची हमी देतो.

ता. क. ३ : हमी अशी, की तो नियम काही रद्द झाला नाही. मी वरिष्ठांना इतकंच सांगितलं, की भाऊजींशी आता माझा संबंध उरलेला नाही. (सगळ्यांना लगेच पटलं.) तेव्हा गेटवर कुणी विचारलं तर त्यांनी मला ओळखत नाही म्हणावं. आई म्हणते, हल्ली ते तसंही तेच म्हणतात. तू मात्र म्हणू नकोस.